ऑपरेशनपूर्वीची भीती आणि सुगंधोपचार: उपयोग किती, काळजी कोणती?

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात चर्चा होते ती खर्चाची, मेडिक्लेमची, रजेची आणि दवाखान्यात सोबत कोण थांबणार याची. ज्याचे ऑपरेशन आहे तो माणूस मात्र रात्री जागा असतो. "भूल उतरलीच नाही तर?" "मध्येच जाग आली तर?" हे प्रश्न तो सहसा कोणाला विचारत नाही.

अलीकडे रुग्णांचे नातेवाईक मला विचारतात, "डॉक्टर, लव्हेंडरचे तेल हुंगायला दिले तर चालेल का? भीती कमी होते असे वाचले." हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आहे.

थोडक्यात

- लव्हेंडरसारख्या सुगंधामुळे ऑपरेशनपूर्वीची अस्वस्थता थोडी आणि थोड्या वेळापुरती कमी होऊ शकते.
- तेल फक्त हुंगायचे. पोटात घ्यायचे नाही आणि अंगाला लावायचे नाही.
- वापरण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना किंवा वॉर्डमधील सिस्टरना सांगायचे.
- दमा, फिट येणे, वासाने मायग्रेन सुरू होणे, वासाची अ‍ॅलर्जी असे काही असल्यास आणि लहान बाळांसाठी हा उपाय टाळायचा.
- भीतीचे कारण डॉक्टरांना सांगणे जास्त महत्त्वाचे आहे. सुगंधाने ते काम होत नाही.

ऑपरेशनपूर्वी शरीरात काय होते?

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते. छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, वारंवार लघवीला जावेसे वाटते. बीपी वाढते, मधुमेह असेल तर साखरही वाढू शकते. बहुतेकांना हे काही प्रमाणात होतेच आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

भीती फार वाढली तर मात्र अडचणी येतात. शिरेत सुई घालणे अवघड जाते, भूल देताना औषध जास्त लागू शकते, ऑपरेशननंतर वेदना अधिक जाणवतात. बीपी खूपच वाढलेले असेल तर तातडीचे नसलेले ऑपरेशन पुढेही ढकलावे लागते. म्हणून भूलतज्ज्ञ रुग्णाच्या मनाच्या अवस्थेकडे गांभीर्याने पाहतात.

सुगंधोपचार म्हणजे नेमके काय?

फुले, पाने, साल किंवा मुळे यांपासून काढलेल्या सुगंधी तेलांचा आराम मिळावा म्हणून केलेला वापर म्हणजे सुगंधोपचार. ही तेले पटकन उडून जाणारी असतात. खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखी ती नसतात. बाटलीतले तेल अतिशय तीव्र असल्यामुळे त्याचा हिशोब थेंबांत करावा लागतो.

'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ झाला तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मोरिस गॅटफोसे यांच्यामुळे. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. मन शांत करण्यासाठी सुगंध वापरणे आपल्याकडे नवीन नाही. वाळा, चंदन, गुलाबपाणी, मोगरा हे सगळे घरोघरी होतेच. ऑपरेशनपूर्वीच्या भीतीवर जे अभ्यास झाले त्यांत मात्र सर्वांत जास्त वापर लव्हेंडरचा झाला आहे.

वासाने मन शांत कसे होते?

आपण श्वास घेतो तेव्हा सुगंधाचे कण नाकाच्या वरच्या भागातील पेशींपर्यंत पोहोचतात. तिथून निघालेला संदेश मेंदूच्या अशा भागांशी थेट जोडलेला असतो जे भावना आणि आठवणी सांभाळतात. म्हणूनच एखाद्या वासाने क्षणात आजीचे घर आठवते, आणि स्पिरिटच्या वासाने काहींच्या पोटात गोळा येतो.

लव्हेंडरमध्ये लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट हे दोन प्रमुख घटक असतात. जपानमधील कागोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. लिनालूलच्या वासाने उंदरांची भीती कमी झालेली दिसली. ज्या उंदरांची वास घेण्याची क्षमता नष्ट केली होती, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. म्हणजे निदान उंदरांमध्ये तरी हा परिणाम नाकाने वास जाणवण्यातून होत होता. माणसांत हे किती प्रमाणात लागू पडते हा वेगळा प्रश्न आहे.

यात आणखी एक भाग श्वासाचा आहे. सुगंध घेताना आपण आपोआप सावकाश आणि खोल श्वास घेतो. असा श्वास घेतला की नाडी आणि मन दोन्ही थोडे खाली येतात. त्यामुळे मिळणाऱ्या आरामात तेलाचा वाटा किती आणि श्वासाचा किती, हे वेगळे करणे कठीण असते. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही फायद्याचेच.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशनसाठी आलेल्या १५० प्रौढ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला नेहमीची सेवा मिळाली, दुसऱ्याला साधे जोजोबा तेल आणि तिसऱ्याला लॅव्हँडिन, म्हणजे लव्हेंडरच्याच एका संकरित जातीचे तेल. ऑपरेशन थिएटरकडे नेताना तिसऱ्या गटातील रुग्णांची अस्वस्थता कमी नोंदवली गेली.

२०१० मधील दुसरा अभ्यास दातांच्या दवाखान्यातील ३४० रुग्णांवरचा आहे. प्रतीक्षा कक्षात लव्हेंडरचा सुगंध असताना रुग्णांची त्या वेळची अस्वस्थता कमी होती. मात्र पुढच्या उपचारांबद्दल त्यांना वाटणाऱ्या भीतीत फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. सुगंधाने तो क्षण थोडा सोपा झाला, भीतीच्या मुळाला मात्र हात लागला नाही.

तुर्कस्तान आणि इराणमध्येही या विषयावर बरेच अभ्यास झाले आहेत आणि त्यांतील अनेकांत फायदा दिसला आहे. तरी काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. बरेचसे अभ्यास लहान आहेत. तेल कोणते, किती थेंब, किती वेळ, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. शिवाय आपल्याला लव्हेंडर दिले आहे हे रुग्णाला वासावरूनच कळते. त्यामुळे 'मला बरे वाटेल' या अपेक्षेचाही निकालावर परिणाम होतो.

म्हणून मी रुग्णांना असे सांगतो: उपाय सौम्य आहे, परिणामही सौम्य आहे. नीट वापरला तर बहुतेकांना त्रास होत नाही. आवडत असेल तर जरूर वापरा, पण भीतीवरचा एकमेव उपाय म्हणून त्याच्याकडे पाहू नका.

एक अनुभव

माझ्याकडे नियमित येणाऱ्या साठीच्या एका काकूंचे पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले होते. क्लिनिकमध्ये त्यांचे बीपी गोळ्यांवर १३०/८० असायचे. ऑपरेशनच्या सकाळी ते १९४/११२ झाले. तासाभराने पुन्हा पाहिले तरी फारसे उतरले नाही. ऑपरेशन पुढे ढकलले. घरचे वैतागले. "किती घाबरतेस गं!" असे सगळ्यांनी त्यांना ऐकवले.

चार दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी एवढेच विचारले, "काकू, नेमकी भीती कशाची वाटते?" बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. भूल उतरायलाच तयार नाही. कितीतरी तास मशीनवर ठेवलं होतं." भाऊ पुढे बरा झाला होता, त्यामुळे घरात तो विषय पुन्हा निघाला नव्हता. "घरात कोणाला भुलेचा त्रास झाला आहे का?" या प्रश्नाला त्यांच्या मुलाने तपासणीच्या वेळी 'नाही' असे उत्तर दिले होते. त्याला हे माहीतच नव्हते.

मी लगेच भूलतज्ज्ञांना फोन केला. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी काही वेळा जे औषध देतात, ते रक्तातील एका एन्झाइममुळे काही मिनिटांत निष्प्रभ होते. काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतःच कमी असते. अशा व्यक्तीला ते औषध दिले तर स्नायू बराच काळ सैल राहतात आणि तोपर्यंत मशीनने श्वास द्यावा लागतो. काकूंच्या रक्ताची तपासणी केली. एन्झाइम खरोखरच कमी निघाले. मग ते औषध टाळून भूल देण्याचे ठरले.

दुसऱ्या वेळी भूलतज्ज्ञ आदल्या संध्याकाळी काकूंशी दहा मिनिटे बोलले. काय करणार, काय टाळणार, जाग कुठे येणार, सगळे सांगितले. सकाळी मुलीने मोगऱ्याचा गजरा रात्रभर गुंडाळून ठेवलेला रुमाल आईच्या हातात दिला. सिस्टरना विचारूनच दिला होता. थिएटरच्या दारापाशी सिस्टरनी तो परत घेतला. बीपी १४६/८८ होते. ऑपरेशन व्यवस्थित झाले.

मोगऱ्याने किती काम केले आणि त्या दहा मिनिटांच्या बोलण्याने किती, हे मी सांगू शकत नाही. पण एक विचार माझ्या मनातून जात नाही. पहिल्याच सकाळी एखाद्या सुगंधाने काकू शांत झाल्या असत्या, बीपी उतरले असते आणि ऑपरेशन झाले असते, तर भावाची गोष्ट कोणालाच कळली नसती. त्यांच्या भीतीत डॉक्टरांना हवी असलेली माहिती दडलेली होती. म्हणून आधी भीतीचे कारण विचारा आणि मग सुगंध द्या.

वापरायचे असेल तर कसे?

1. आधी परवानगी घ्या. भूल देण्यापूर्वीच्या तपासणीच्या वेळीच भूलतज्ज्ञांना विचारा. काही दवाखान्यांत सुगंधी पदार्थांना मनाई असते. तो नियम पाळा.
2. घरी करून पाहा. ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी एकदा वापरा. डोके दुखले, मळमळले, शिंका किंवा खोकला आला तर तो वास तुमच्यासाठी नाही.
3. थेंब मोजा. कापसाच्या बोळ्यावर किंवा स्वच्छ रुमालावर १ ते २ थेंब पुरेसे आहेत. जास्त थेंबांनी जास्त आराम मिळत नाही, उलट मळमळ होते.
4. नाकाला चिकटवू नका. बोळा छातीच्या उंचीवर धरा. ५ ते १० मिनिटे सावकाश श्वास घ्या. मनात ४ अंक मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर.
5. झाल्यावर बंद पिशवीत ठेवा. वॉर्डमध्ये शेजारच्या खाटेवर दम्याचा किंवा उलट्या होणारा रुग्ण असू शकतो. डिफ्यूझर किंवा रूम स्प्रे वापरू नका.
6. थिएटरमध्ये नेऊ नका. बोळा, रुमाल, गजरा सर्व बाहेरच नातेवाइकांकडे द्या आणि हात धुवा.

तेल घेताना बाटलीवर वनस्पतीचे नाव आणि शुद्ध तेल असल्याचा उल्लेख पाहा. लव्हेंडरच्या वासाचे फिनाइल, रूम फ्रेशनर किंवा सेंट म्हणजे हे तेल नव्हे. महागड्या 'पॅकेज'ची गरज नाही.

कोणी टाळावे?

- दमा किंवा जुना श्वासाचा विकार असलेले रुग्ण. तीव्र वासाने श्वासनलिका आकसू शकते. ऑपरेशनच्या दिवशी हा धोका नको.
- फिट येणारे रुग्ण. कापूर आणि निलगिरी यांच्या तेलांमुळे फिट येऊ शकते. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी भारतीय रुग्णांमध्ये हे नोंदवले आहे. आपल्याकडच्या अनेक बामांमध्ये हे दोन्ही घटक असतात.
- लहान बाळे. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाजवळ निलगिरी, मेंथॉल किंवा कापूर लावल्यास श्वास अडकण्याचा धोका असतो. मुलाला धीर द्यायचा असेल तर आईची ओढणी किंवा त्याचे आवडते खेळणे जास्त उपयोगी पडते.
- गर्भवती स्त्रिया. सिझेरियनपूर्वी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही तेल वापरू नये.
- मायग्रेन, वासाची अ‍ॅलर्जी किंवा सतत मळमळ असलेले रुग्ण.

हे कटाक्षाने टाळा

तेल पिऊ नका, जिभेवर ठेवू नका. ते विषारी ठरू शकते. कापूर तर लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी जीवावर बेतू शकते. लव्हेंडरच्या कॅप्सूल हे वेगळे औषध आहे. त्या किंवा इतर कोणत्याही वनौषधी घेत असाल तर ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांमुळे गुंगी किंवा रक्तस्राव वाढू शकतो.

अंगाला काही लावू नका. तेल, क्रीम, पावडर, अत्तर, बाम लावले असेल तर ईसीजीच्या पट्ट्या नीट चिकटत नाहीत आणि त्वचा निर्जंतुक करण्यात अडथळा येतो. ऑपरेशनच्या दिवशी साध्या साबणाने किंवा दवाखान्याने दिलेल्या द्रावणाने अंघोळ करा.

अगरबत्ती, धूप, कापूर पेटवू नका. वॉर्डमध्ये ऑक्सिजन सुरू असतो आणि त्याच्याजवळ ठिणगीही धोकादायक असते. सुगंधी तेलेही ज्वलनशील आहेत. थिएटरमध्ये रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारी कॉटरी वापरतात, त्यामुळे अंगावर तेल असणे तिथे अधिकच धोक्याचे. देवाचा अंगारा किंवा फूल द्यायचे असेल तर सिस्टरना सांगून थिएटरबाहेरच द्या.

लव्हेंडरच हवे का?

नाही. अभ्यास लव्हेंडरवर जास्त झाले आहेत हे खरे, पण ज्याला तो वास आवडत नाही त्याच्यावर लादण्यात अर्थ नाही. वासाचा संबंध आठवणींशी असतो. एकाला चंदनाने देवघर आठवते, तर दुसऱ्याला घरातला शेवटचा निरोप. अगरबत्तीचा किंवा गुलाबपाण्याचा वासही काहींना नकोसा वाटतो, कारण त्यांनी तो अंत्यविधीच्या वेळी घेतलेला असतो. म्हणून रुग्णालाच विचारा, "तुम्हाला कोणता वास आवडतो?" आवडीच्या फुलांचा मंद वास असलेला रुमालही चालेल.

कोविडनंतर किंवा वयामुळे ज्यांची वासाची जाणीव कमी झाली आहे त्यांना याचा फारसा उपयोग होणार नाही. वास येत नाही म्हणून थेंब वाढवू नका.

भीती कमी करणारे इतर उपाय

- माहिती. कोणती भूल, किती वेळ, जाग कुठे येईल, वेदनांसाठी काय देणार, हे आधीच विचारा. प्रश्न कागदावर लिहून न्या.
- संगीत. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ अभ्यास आणि २,०५१ रुग्णांचा विचार झाला होता. संगीत ऐकल्याने ऑपरेशनपूर्वीची अस्वस्थता कमी होऊ शकते, असे त्यात दिसले. अभंग असोत की जुनी गाणी, आवडीचे काहीही चालेल. इअरफोन वापरा.
- सोबत. "काही होत नाही, घाबरू नकोस" असे म्हणण्यापेक्षा हात धरून "कशाची भीती वाटते?" असे विचारा आणि ऐका.
- औषध. भीती फारच असेल तर भूलतज्ज्ञ आदल्या रात्री किंवा भूल देण्यापूर्वी औषध देऊ शकतात. घरातली झोपेची गोळी स्वतःहून घेऊ नका.

या गोष्टी लपवू नका

भीतीपोटी किंवा ऑपरेशन रद्द होईल म्हणून रुग्ण काही गोष्टी सांगत नाहीत. पुढील गोष्टी भूलतज्ज्ञांना नक्की सांगा:

- तुम्हाला किंवा रक्ताच्या नातेवाइकाला पूर्वी भुलेचा झालेला त्रास
- रक्त पातळ करणाऱ्या, बीपीच्या, मधुमेहाच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक औषधे
- तंबाखू, मिश्री, सिगारेट, दारू
- हलणारे दात, कवळी
- सकाळी चुकून घेतलेला चहा-बिस्किट. साधारणपणे हलके खाणे ६ तास आधी आणि साधे पाणी २ तास आधी बंद करतात, पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ अंतिम.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सुगंध घेतला तर भुलेचे औषध कमी लागेल का?*
तसे गृहीत धरू नका. औषधाचे प्रमाण भूलतज्ज्ञ ठरवतात.

*ऑपरेशननंतरच्या उलट्यांसाठी पुदिना हुंगला तर?*
काहींना बरे वाटते, पण पुरावा कमकुवत आहे. उलटी होत असेल तर आधी सिस्टरना सांगा, त्यासाठी इंजेक्शन उपलब्ध असते.

*बीपी वाढले आहे, सुगंधाने उतरेल का?*
भीतीमुळे वाढलेले बीपी मन शांत झाल्यावर थोडे उतरू शकते. बीपीच्या गोळीऐवजी सुगंध मात्र चालणार नाही.

*छातीत दुखते, दम लागतो. ही भीतीच असेल ना?*
असे घरी ठरवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

*भीतीमुळे अनेक रात्री झोप नाही, ऑपरेशनच नको वाटते. काय करावे?*
ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तुमच्या डॉक्टरांशी बोला. गरज वाटल्यास ते समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील.

तुमच्या घरात कोणाचे ऑपरेशन ठरले असेल तर आज रात्री त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. जे कळेल ते भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला. त्यानंतर आवडीच्या सुगंधाचा रुमाल हातात द्यायला काहीच हरकत नाही.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाची प्रकृती वेगळी असते. कोणताही उपाय करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*